मातेच्या सुयांवरील अंगरखा

जर्मनीतील हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात बुक्स्टेहुडे येथील एक जुनी वेदी जतन केलेली आहे. मास्टर बर्ट्राम यांच्या चित्रशाळेत इ. स. १४०० च्या सुमारास रंगविलेल्या या वेदीच्या एका फलकावर पवित्र मरिया बाळ येशूसाठी अंगरखा विणीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील (१९:२३) बिनशिवणीच्या अंगरख्याची येथे आठवण होते. जवळच देवदूत क्रूस व भाला घेऊन उभे आहेत. विणकाम मात्र गळ्यापाशी अपुरेच आहे. घरोघरीच्या माता विणतात त्या स्वेटरांतही टाके निसटतात, बाह्या लहानमोठ्या होतात. परंतु लेकरे ते झिजेपर्यंत अंगावेगळे करीत नाहीत. लेकराचे पुढील दुःख टाळणे मातेच्या हाती नसते. आजची ऊब मात्र असते. या फलकाचे मोल आम्हांस त्यातच वाटते.