कुलाब्याचे आरसे

पापड-कुरडयांचे वाळवण चैत्र-वैशाखात घालावे, हे कोणी पोथी पाहून ठरवीत नाही. पुढे चार महिने उन्हाचा भरवसा नाही, हे घरच्या बाईला ठाऊक असते. सूर्यशक्तीच्या यंत्रांना मात्र हा ऋतूंचा हिशेब फार अवघड गेला. त्यातले एक प्रकरण आपल्या मुंबईचेच आहे.

विल्यम ॲडम्स हा मुंबई हायकोर्टातील डेप्युटी रजिस्ट्रार. कोळसा विलायतेहून आणावा लागे आणि ऊन तर दारात फुकट पडलेले! या विचाराने त्याला झपाटले. कचेरी सांभाळून माणसाने असले वेड घ्यावे, याचे मला कौतुक वाटते. लहान लहान सपाट आरशांचे ऊन त्याने एका बॉयलरवर एकवटले आणि मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखविला. त्याच्या सूर्यचुलीवर सात शिपायांचे मांस व भाजी दोन तासांत शिजली. त्याचे पुस्तक १८७८ साली निघाले.

पण ती चूल रांधीत होती जानेवारीत, निरभ्र आभाळाखाली. आषाढात तिचे काय? कुरडई डब्यात टिकते, वाफ टिकत नाही. आज छपरावरच्या सौर तक्त्यांची वीज बॅटरीत रात्रीपुरती साठते. वैशाखातले ऊन श्रावणासाठी राखणे अजून परवडत नाही. मात्र ऊन अडविणारे तेच ढग कोयनेचा जलाशय भरतात, आणि तेथील पाण्यावर १९६२ पासून वीज निघते आहे.