संपात सापडलेला प्रेक्षक

संपाचा इतिहास लिहिताना मालक आणि मजूर असे दोनच पक्ष कल्पिण्याची आपल्याकडील लेखकांची वहिवाट आहे; फार झाले तर सरकार हा तिसरा. परंतु ज्या संपामुळे एखादा खेळ किंवा फड बंद पडतो त्यात आणखी एक पक्ष असतो. तो पैसे देतो, उन्हातान्हात उभा राहतो, घसा बसेपर्यंत ओरडतो; तडजोडीच्या बैठकीस मात्र त्यास कोणी बोलावीत नाही. हा पक्ष प्रेक्षकांचा. १९८२ साली पृथ्वीच्या दोन टोकांस त्याच्यावर एकदमच पाळी आली, आणि त्यांतील एक टोक आमच्या मावळात होते.

दुसरे टोक अमेरिकेत. तेथे ज्यास फुटबॉल म्हणतात तो बहुतांशी चेंडू हाती घेऊन धावण्याचा खेळ असून आपल्या फुटबॉलाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. तेथील धंदेवाईक खेळाडूंच्या संघटनेने एकूण उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा मागितला, मालकांनी तो नाकारला, आणि सप्टेंबरात सुरू झालेला संप ५७ दिवस चालला. सोळा सामन्यांचा हंगाम नऊ सामन्यांवर आला. रविवारची दुपार रिती जाऊ नये म्हणून दूरचित्रवाणीवाल्यांनी कॅनडातील आणि लहान कॉलेजांतील सामने दाखवून पाहिले. १९८७ साली पुन्हा संप झाला, तेव्हा मालकांनी दुसरेच गडी मैदानात उतरवून तीन आठवडे खेळ चालविला. आमच्या गिरणीवाल्यांनी त्यांस ‘बदली’ म्हटले असते! प्रेक्षक चिडला, काही काळ घरी बसला, आणि परत आला. परत येणे त्यास परवडत होते, कारण त्याचा स्वतःचा पगार भलत्याच ठिकाणी सुरक्षित होता.

मुंबईच्या गिरणगावात हा हिशेब लागू पडत नाही. परळ, लालबाग, नायगाव, प्रभादेवी येथील गल्लीगल्लीतून कबड्डीचे संघ होते. गिरण्यांचेही संघ असत, आणि चढाईत तरबेज असलेल्या पोराची साच्यावर वर्णी लागणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सामना पाहण्यास जमणारा तोच पाळी सुटलेला कामगार. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशास गर्दी करणाराही तोच. खेळणारा, पाहणारा आणि मजूर ही तीन माणसे येथे बहुधा एकाच चाळीत, पुष्कळदा एकाच खोलीत राहत.

या गिरण्यांशी मावळाचा संबंध दुहेरी होता. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तळ्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटांनी १९१५ साली वीज काढली ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांकरिता. पाण्यामागोमाग माणसेही घाट उतरली. भाताचे खाचर वर्षातून एकदाच पिकते. त्यावर चार भावांचा संसार निघत नाही, म्हणून एक भाऊ गिरणीत जाई. आमच्या घरातून नाना, म्हणजे आमचे धाकटे चुलते, गेले होते. ते गिरणीच्या संघातून खेळतात एवढे गावास ठाऊक होते. खेळताना मात्र त्यांस कोणी पाहिले नव्हते. चैत्रात भैरवनाथाच्या जत्रेस ते कामशेत स्टेशनावर उतरून दोन दिवसांपुरते येत आणि मुंबईकरांची गोळा केलेली वर्गणी पंचांच्या हाती ठेवीत. त्या वर्गणीवर तमाशाची सुपारी जाई आणि आखाड्यातील शेवटच्या कुस्तीचे इनाम ठरे.

१९८१ च्या दिवाळीत बोनसावरून कुरबूर सुरू झाली आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबविले. पगारवाढ आणि १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा, ज्याच्या आधारे एकाच मान्य संघटनेस बोलण्याचा अधिकार होता, हे वादाचे मुख्य विषय. दोन महिने उलटतात तो पाडवा आला.

त्या वर्षीची जत्रा आम्हांस स्पष्ट आठवते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. एवढी माणसे आम्ही गावात कधी पाहिली नव्हती, कारण मुंबईकर सारेच घरी होते. आणि वर्गणी मात्र कधी नव्हे इतकी तोकडी. तमाशाची सुपारी गेलीच नाही. दोन दिवसांची जत्रा एका दिवसावर आली, आणि कुस्त्या रेवड्या-नारळांवर उरकल्या. कोणी कोणावर रागावले नाही. रागवावयाचे तरी कोणावर? ज्यांच्या संपाने फड बुडाला ते प्रेक्षकांतच पागोटे गुंडाळून बसले होते.

तिसऱ्या प्रहरी कोणीतरी कोरड्या खाचरात फक्कीच्या रेघा ओढल्या आणि नाना धोतराचा काचा मारून उतरले. गावाने त्या दिवशी प्रथमच त्यांची चढाई पाहिली. तिघांच्या कचाट्यातून रेघेकडे झेपावलेला तो देह, आणि बांधावरून उठलेला तो ओरडा! संपाने गावापासून तमाशा हिरावला आणि हे दाखविले. दोहोंची तुलना करण्यास आम्ही आजही धजत नाही.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि हजारो कामगारांस कामावर घेतले नाही. त्याच वर्षाअखेर दिल्लीच्या आशियाई खेळांत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले; देशापुढे या खेळाचा मान वाढत असता त्याचा जुना प्रेक्षक रोजगार शोधीत हिंडत होता. पाळी सुटल्यावर मैदानाकडे वळण्याची सवय पाळीबरोबरच गेली. अमेरिकेतील प्रेक्षकास परत येण्यास हंगाम होता. यास चाळीतली खोलीही राखता येईना.

नाना परत गेले नाहीत. पुढे लोणावळ्यास एका बंगल्यावर रखवालदार राहिले. २०१४ साली धंदेवाईक कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर सुरू झाले तेव्हा आम्ही मुद्दाम त्यांच्या खोलीवर गेलो. दिव्यांचा झगमगाट, रंगीत चटया, मुंबईचा संघ. नानांनी पहिला डाव संपेपर्यंत एक शब्द काढला नाही. मग आमच्याकडे वळून विचारले, “ही पोरं कुठल्या गिरणीत लागलीत रे?”