साखर, प्रकाश आणि बाबांचं बोट

दर रविवारी सकाळी आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. चहाच्या आधी बाबा बोट पुढे करतात, मी सुई टोचतो, थेंब पट्टीवर घेतो, मीटरवर आकडा येतो. परवा म्हणाले, "अरे, तुम्ही सगळं वायरलेस केलंत, मग हे टोचणं का नाही गेलं?" उत्तर येईना, म्हणून दोन वीकेंड वाचत बसलो. प्रश्न बराच जुना निघाला!

१७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मधुमेही रुग्णाची लघवी आटवून दाखवलं, की तळाशी साखर उरते. १९६२ मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवायची कल्पना मांडली. आमचा मीटर म्हणजे त्याचाच नातू. दंडावर चिकटवायचे सेन्सरही त्याच घराण्यातले. त्यांची बारीक तार कातडीखाली असते, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी नवा सेन्सर. बाबांनी खर्च ऐकला आणि विषय संपवला.

दुसरी वाट प्रकाशाची. १९८२ मध्ये जेरोम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी भन्नाट युक्ती केली. जॅक बीन, म्हणजे आपल्या अबईच्या जातकुळीतली शेंग. तिच्यातल्या प्रोटीनला साखर धरून ठेवायची सवय असते. त्यावर आधी चमकणारा रंग लावलेलं डेक्स्ट्रान बसवायचं. ग्लुकोज आलं की ते डेक्स्ट्रानला खुर्चीवरून उठवतं, आणि उठलेला रंग ऑप्टिकल फायबरच्या उजेडात येऊन चमकतो. जितकी साखर, तितकी चमक. पण असे रंग उजेडात हळूहळू विटतात.

मग आले कार्बन नॅनोट्यूब. जाडी साधारण एक नॅनोमीटर! २००२ मध्ये राइस विद्यापीठात दिसलं, की त्या निअर-इन्फ्रारेडमध्ये चमकतात. हा प्रकाश कातडीतून आणि रक्तातून बऱ्यापैकी पार जातो, शिवाय ही चमक विटत नाही. २००५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने त्यांवर तेच ग्लुकोज ऑक्सिडेज चढवलं आणि साखरेनुसार चमक बदलताना दाखवली.

मग अडलं कुठे? आमच्या भाषेत सांगायचं तर डेमो चालला, प्रॉडक्शनला गेला नाही. शरीर परक्या वस्तूभोवती पेशींचं कुंपण घालतं, एन्झाइम थकतं, आणि नॅनोट्यूब वर्षानुवर्षं आत राहिल्या तर काय, याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

२०१८ मध्ये अमेरिकेत चमकेवर चालणारा, कातडीखाली बसवायचा पहिला सेन्सर मंजूर झाला. त्याचं नाव एव्हरसेन्स. त्यात नॅनोट्यूब नाहीत, चमकणारं पॉलिमर आहे. तेव्हा तो ९० दिवस चालायचा. २०२४ मध्ये ३६५ दिवसांच्या आवृत्तीला मंजुरी मिळाली. आणि गंमत बघा, पहिल्या आवृत्तीला कॅलिब्रेट करायला दिवसातून दोनदा काय करावं लागायचं? बोट टोचावं लागायचं!

हे बाबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे अजून तुझी नोकरी शाबूत आहे." आणि बोट पुढे केलं.

आकडा १४२ आला. असो. चहा बिनसाखरेचाच.