बोंडले आणि बाटली

मूल नीट दूध ओढीत नाही, तर कोणती बाटली घ्यावी, असा प्रश्न आज घरोघर निघतो. आपल्या पणज्यांना बाटली ठाऊकच नव्हती. त्यांच्याजवळ बोंडले होते: चोच असलेले चिमुकले भांडे, ऐपतीप्रमाणे चांदीचे किंवा साध्या धातूचे. मोठ्या माणसाला ‘अजून बोंडल्याने दूध पितोस काय?’ असे आपण हिणवतो. पण त्या भांड्याची योजना मोठी शहाणपणाची होती. चोच ओठाच्या कडेला टेकवायची, दूध थोडेथोडे सोडायचे, बाळाने गिळले की पुढचा घोट. ओढण्याची ताकद नसलेल्या जिवालाही ते साधते. दक्षिणेतील ‘पालडै’ हे त्याचेच भावंड. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तुलनेत नवजात मुलांनी पेला व बाटली यांपेक्षा पालडैने थोड्या वेळात अधिक दूध घेतले.

बाटलीचा इतिहास इतका निर्मळ नाही. रबरी बोंडीचे पहिले पेटंट अमेरिकेत १८४५ साली निघाले. पुढे इंग्लंडात लांब रबरी नळीच्या बाटल्या आल्या. त्या नळ्यांत दूध नासे आणि मुले दगावत; लोकांनीच त्यांना ‘खुनी बाटली’ म्हटले. १९३९ साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी डब्याच्या दुधाच्या प्रचाराला उघडउघड खून म्हटले. जागतिक आरोग्य परिषदेची आचारसंहिता यायला मात्र १९८१ साल उजाडले.

यानंतरचे एक पान आपल्या वर्ध्याचे आहे, आणि ते वर्धेकरांनाही फारसे ठाऊक नसते. ३ डिसेंबर १९९१ रोजी स्तनपानाच्या पुरस्कारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली, ती वर्ध्यात. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला व १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. त्याने बाटलीची विक्री थांबविली नाही. जाहिरात थांबविली, आयांना फुकट वाटप थांबविले. निवड आईकडेच राहिली. तिच्या कानाशी लागलेला विक्रेता तेवढा दूर झाला.

बाटलीची खरोखर गरज पडते अशी मुलेही असतात, हे मान्य केले पाहिजे. टाळू दुभंगलेल्या बाळाला तोंडात ओढ निर्माण करता येत नाही. मँडी हॅबरमन या इंग्लिश बाईंची मुलगी १९८० साली अशीच जन्मली. तिच्यासाठी खटपट करताना त्यांनी झडप असलेली बाटली घडविली. बाळाने हिरड्यांनी दाबले, किंवा आईने बोंडी हलकेच दाबली, की दूध येते. ओढावे लागत नाही. म्हणजे बोंडल्याचेच तत्त्व, रबरात आणलेले.