बिडाचे रेडिएटर आणि ते ओतणारे हात



वैशाखातल्या उकाड्यात घर गरम ठेवण्याच्या साधनाविषयी बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमचे निम्मे आयुष्य बीड ओतणाऱ्या कारखान्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात गेले आहे. शिक्षण म्हणाल, तर सार्वजनिक वाचनालयात रात्री बसून पदरात पडले तेवढेच. थंड देशांतील पुष्कळ माणसे घरातील पातळ पोलादी रेडिएटर काढून टाकून त्या जागी शंभर वर्षांपूर्वीचे बिडाचे रेडिएटर शोधून आणून बसवितात, असे वाचनात आले, तेव्हा आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

येथे रेडिएटर म्हणजे मोटारीतला नव्हे. घराच्या तळघरात बॉयलर असतो. तेथून गरम पाणी किंवा वाफ नळांवाटे खोलीखोलीत जाते. खिडकीखाली पोकळ लोखंडी फासळ्यांची एक रांग उभी असते. तीत ते पाणी खेळते, फासळ्या तापतात, भोवतालची हवा गरम होऊन वर चढते आणि थंड हवा तिच्या जागी येते.

या साधनाचा जन्म बर्फाळ मुलखात व्हावा हे स्वाभाविकच आहे. फ्रांझ सान-गाली या कारखानदाराने १८५० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग येथे असे रेडिएटर प्रचारात आणले. रशियन माणूस आजही त्यास 'बातारेया' म्हणतो. अमेरिकेत १८७० नंतर नेल्सन बंडी यांच्या रचनेने या धंद्यास गती दिली. १८९२ साली तीन कंपन्या एकत्र होऊन 'अमेरिकन रेडिएटर कंपनी' निघाली. तिने १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये काळ्या विटांची, सोनेरी शिखराची उंच इमारत उभारली. तिचे वास्तुकार रेमंड हूड यांचे नाव इतिहासात आहे. पण ज्यांच्या ओतकामावर ती इमारत उभी राहिली, त्यांचे काय?

ते ओतकाम कसे होते हे आधी पाहू. रेडिएटरची फासळी बाहेरून नक्षीदार आणि आतून पोकळ असते. बाहेरचा आकार वाळूच्या साच्यात उठवावयाचा, आणि पोकळीसाठी आत वाळूचाच गाभा, म्हणजे कोअर, नेमका मधोमध ठेवावयाचा. त्या दोहोंमधील चिंचोळ्या फटीत तेराशे अंशांच्या आसपास तापलेला बिडाचा रस ओतावयाचा. कोअर किंचित हलला तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते, वाळू दमट राहिली तर वाफेने भोके पडतात. एका वृद्ध मोल्डरने आम्हांस शिकविले होते, 'बाबा रे, वस्तू गार झाली की वाजवून बघ. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर कुठे तरी तडा आहे.' ही विद्या पुस्तकात नसते, हातात असते. म्हणून मोल्डरची पत होती, आणि त्याच्या संघटनेस वजन होते. अमेरिकेतील मोल्डरांनी १८५९ सालीच फिलाडेल्फिया येथे राष्ट्रीय संघटना स्थापिली होती. तिचे पुढारी विल्यम सिल्व्हिस हे स्वतः मोल्डर होते.

हेच वजन मालकांस खुपत होते. शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्यात नांगरटीची नव्हे, तर कापणीची यंत्रे तयार होत. तेथील मोल्डरांनी १८८५ साली संप करून तो जिंकला. त्यानंतर मालकांनी हवेच्या दाबावर चालणारी साचे करण्याची यंत्रे आणली आणि कुशल मोल्डर बाहेर पडले. १८८६ च्या फेब्रुवारीत टाळेबंदी झाली. ३ मे रोजी त्याच दरवाजापाशी पोलिसांच्या गोळ्यांनी कामगार पडले, आणि दुसऱ्या दिवशी हेमार्केटचा प्रसंग घडला. आपण १ मे पाळतो, त्यामागील इतिहासात ओतशाळेची वाळू अशी मिसळलेली आहे. ज्या दशकांत घराघरांत बिडाची ऊब पोचत होती, त्याच दशकांत ती ओतणाऱ्यांच्या हातची विद्या हिरावली जात होती.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर दाबून केलेल्या पोलादी पत्र्याचे रेडिएटर आले. ते हलके, स्वस्त, बसविण्यास सोपे आणि लवकर तापणारे होते. एका माणसास उचलता येईल असे साधन नळकाऱ्यास आवडले, यात नवल नाही. कामगाराच्या पाठीचा विचार करता आम्हीही त्यास दोष देणार नाही.

मग जुने पुन्हा का येत आहे? आपल्या गृहिणींना हे चटकन कळेल. मध्यंतरी स्वयंपाकघरातून हद्दपार झालेला बिडाचा तवा आता परत आला आहे. तो उशिरा तापतो, पण उशिरा निवतो. रेडिएटरचेही तसेच आहे. त्यात लोखंडही जास्त आणि पाणीही जास्त, म्हणून बॉयलर थांबल्यावरही खोली बराच वेळ ऊबदार राहते. तथापि बीड उष्णता निर्माण करीत नाही, हे विसरू नये. जेवढे जळण तेवढीच ऊब. खरा लाभ निराळा आहे. जुने रेडिएटर गळक्या खिडक्यांच्या घरांसाठी मोठे केलेले असत. घर बंदिस्त केले की तोच मोठा पृष्ठभाग कोमट पाण्यावरही पुरतो, आणि आजचे काटकसरी बॉयलर कोमट पाण्यावरच उत्तम चालतात.

परंतु नुसत्या हौसेने हे काम होत नाही. केवळ वाफेसाठी केलेल्या काही रेडिएटरांच्या फासळ्या खालीच जोडलेल्या असतात. त्यांत गरम पाणी नीट खेळत नाही. पाण्यासाठी वर आणि खाली दोन्हीकडे जोड हवा. आतला गाळ धुऊन काढावा, दाब देऊन गळती पाहावी, लाकडी जमीन ते वजन पेलेल की नाही हे तपासावे. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून तो कोरडा खरवडू नये.

या शेवटच्या सूचनेपाशी आम्ही थबकतो. घरमालकास रंगाच्या धुळीपासून जपावयास सांगितले जाते, ते योग्यच आहे. पण ओतशाळेतील वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ही गोष्ट केवळ भूतकाळातली नाही. जुन्या नक्षीचे नवे बिडाचे रेडिएटर आजही ओतले जातात. आमच्या कोल्हापूर-बेळगावकडील ओतशाळांतही बिडाच्या कितीतरी वस्तू रोज ओतल्या जातात. वाळू सगळीकडे वाळूच आहे. ती ओली ठेवणे, धूळ ओढून घेणारे पंखे बसविणे, कामगाराची छाती दरवर्षी तपासणे, हे उपाय माहीत आहेत. खर्च करण्याची इच्छा हवी.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. जुन्या रेडिएटरवर कंपनीचे नाव उठावदार अक्षरांत ओतलेले असते, मोल्डरचे नसते. ते आता शोधून सापडणार नाही. परंतु आज जो साचा भरीत आहे, त्याचे नाव हजेरीपटावर आहे. तो साठीतही नीट श्वास घेईल, अशी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. जुने बीड अवश्य आणावे. जुनी धूळ आणू नये.