हातभरणीची रायफल-काडतुसे आणि केरीचा हरीण-हंगाम

हातभरणीची रायफल-काडतुसे : वापरलेल्या किंवा कोऱ्या पितळी कवचात टोपी, दारू आणि गोळी बसवून, कारखान्याबाहेर हाताने तयार केलेली काडतुसे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अनेक शिकारी हरणांच्या हंगामाआधी आपल्या रायफलीला मानवणारे काडतूस असे घरी सिद्ध करतात. आयर्लंडमध्ये मात्र खास परवानगीशिवाय हे काम करता येत नाही. त्यामुळे केरी काउंटीचे मुख्य गाव असलेल्या ट्रलीत सुरक्षित काडतुसाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवावा लागतो. या नोंदीत भरणीचे शास्त्र आणि ट्रलीतील परिस्थिती या दोन्हींचा विचार केला आहे, कारण शास्त्र कळल्याशिवाय तिथल्या बंधनाचे मोल कळत नाही.

कोकणातील वाचकाला हाताने भरलेला बार नवा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत. नळीत काळी दारू, त्यावर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे आणि मागे टोपी, अशी ती भरणी. काळी दारू मापाने घातली तरी बहुधा निभावते. रायफलीच्या काडतुसात असते ती बिनधुराची दारू. फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये ती सिद्ध केली. नायट्रोसेल्युलोजपासून बनणारी ही दारू तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त शक्ती देते, आणि दाब वाढला की अधिक वेगाने जळते. तो वेग पुन्हा दाब वाढवतो. म्हणून ती वजनानेच घ्यायची असते. ठासणीच्या बंदुकीत ती भरणे म्हणजे नळी फोडून घेणे होय.

दाबाचे आकडे पाहिले की काळजीचे कारण समजते. हरणांच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी अमेरिकी मानकाने ठरवलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या ती जवळजवळ दोन हजार पट भरते. हा दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर, एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास टिकतो. त्याला अडवून धरतात ते फक्त पोलादी बोल्टचे लग (खाचेत अडणारे दात) आणि पितळी कवचाचा बुडखा.

सुरक्षित भरणीची पद्धत या दाबाभोवती बांधलेली आहे. दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीने प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेले कोष्टक हाच आधार धरायचा. मित्राच्या वहीतील आकडा कितीही खात्रीचा वाटला तरी तो त्याच्या रायफलीचा असतो. कोष्टकातील कमाल वजनापेक्षा साधारण दहा टक्के खालून सुरुवात करतात आणि लहान पायऱ्यांनी वर चढतात. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो, यावरून या कामातील बारकावा लक्षात यावा. प्रत्येक पायरीला मोजकी काडतुसे झाडून कवचे तपासतात. टोपी कडेपर्यंत सपाट होणे, कवचाच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उमटणे, बोल्ट उचलताना जड जाणे, ही दाब जास्त झाल्याची चिन्हे. ती दिसली तर थांबायचे आणि मागे यायचे. पण चिन्हे दिसली नाहीत म्हणजे सारे ठीक, असे समजणे चुकीचे आहे. अनेकदा मर्यादा ओलांडल्यानंतरच ती उमटतात. वेगमापक यंत्र याहून प्रामाणिक साक्षीदार आहे. कोष्टकात दिलेल्या कमाल वेगापेक्षा गोळी जोरात जात असेल, तर तो जादा वेग जादा दाबातूनच आलेला असतो, मग टोपी कशीही दिसो.

घटक बदलला की काम पुन्हा खालून सुरू करायचे, हा नियम नवशिके सर्वाधिक मोडतात. लष्करी कवच बहुधा जाड असते, त्यामुळे आतली जागा कमी आणि तेवढ्याच दारूचा दाब जास्त. निव्वळ तांब्याच्या गोळ्या शिशाच्या गोळीपेक्षा त्याच वजनात लांब असतात, त्या कवचात खोल बसतात आणि दारूची जागा खातात. त्यांना शिशाच्या गोळीचे कोष्टक लावणे धोक्याचे आहे. गोळी नळीतील आट्यांना टेकेल इतकी पुढे बसवली तरीही दाब चढतो. मोठ्या कवचात मंद जळणारी दारू कोष्टकाच्या खाली नेणे हेही सुरक्षित नाही. कमी दारू म्हणजे कमी धोका हा तर्क तिथे फसतो, कारण अर्धवट भरलेल्या कवचात दारू विचित्र पेट घेते आणि दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो.

पितळही थकते. प्रत्येक बारानंतर कवच ताणले जाते, मान लांबते आणि ती छाटावी लागते. बुडख्याच्या थोडे वर आतून पातळ पट्टा पडतो, बाहेरून तो उजळ कड्यासारखा दिसतो. असे कवच पुन्हा भरले तर ते तिथेच तुटून गरम वायू मागे येण्याचा धोका असतो. भरणीच्या मेजावर एका वेळी एकच दारूचा डबा असावा, दारू मूळ डब्यातच राहावी, तराजू ठरलेल्या वजनाने पडताळावा, आणि गोळी बसवण्याआधी सगळी कवचे उजेडात धरून आतली पातळी पाहावी. दोनदा दारू पडलेले कवच आणि दारूच न पडलेले कवच असे नजरेला सापडते. दुसरे पहिल्याइतकेच घातक आहे. टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार त्या अडथळ्यावर जातो.

या छंदाला मोठा बाजार मिळाला तो अमेरिकेत. जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीची भरणीची हत्यारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे विकली जात होती. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये, युद्धकाळातील टंचाईत, कॅलिफोर्नियात सुरू केलेला आरसीबीएस हा भरणीच्या हत्यारांचा उद्योग आजही चालू आहे. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आणि वरणगावचा कारखाना १९६४ पासून आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीसाठी काडतूस सिद्ध करण्याचे प्रयोजनच उरले नाही.

ट्रलीच्या किनाऱ्याला दारूगोळ्याचा इतिहास आहे आणि तो शिकारीचा नाही. २० एप्रिल १९१६ रोजी ‘ऑड’ नावाचे जर्मन जहाज नॉर्वेच्या जहाजाचे सोंग घेऊन ट्रली उपसागरात आले. त्यात सुमारे वीस हजार रशियन बनावटीच्या रायफली आणि दहा लाख काडतुसे होती. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या उठावासाठी ती उतरवायची होती. किनाऱ्यावरून संकेत मिळाला नाही, जहाज ब्रिटिशांच्या हाती लागले आणि कॉर्कजवळ खलाशांनीच ते बुडवले. २१ एप्रिलला आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंट पाणबुडीतून बान्ना किनाऱ्यावर उतरले, पकडले गेले आणि त्यांना ट्रलीत आणले गेले. पुढे आयरिश यादवी युद्धात, ७ मार्च १९२३ रोजी, गावाबाहेर बॅलिसीडी इथे नऊ कैद्यांना बांधून सुरुंग उडवण्यात आला. आठ ठार झाले, स्टीफन फुलर वाचले. नव्या राष्ट्राचा शस्त्रास्त्र कायदा आला तो त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये. काडतुसाइतकेच त्याचे घटकही दारूगोळाच, ही त्या कायद्याची व्याख्या अशा पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. दारूवर त्याशिवाय १८७५ च्या स्फोटक कायद्याचाही अंमल आहे. ट्रलीतील शिकाऱ्याने परदेशातून टोप्यांची डबी मागवली, तर तीही या व्याख्येत बसते.

उत्तर आयर्लंडमधील संघर्षाच्या काळात बंधन आणखी आवळले. ऑगस्ट १९७२ मध्ये सरकारने पिस्तुले आणि .२२ पेक्षा मोठ्या रायफली गार्डांच्या, म्हणजे आयरिश पोलिसांच्या, ताब्यात देण्याचा आदेश काढला. आदेश महिन्याभराचा होता, पण परवाने पुढे दिले गेले नाहीत आणि शस्त्रे वर्षानुवर्षे परत मिळाली नाहीत. हरणांच्या शिकाऱ्यांना .२२-२५० या काडतुसावर भागवावे लागले. १९७७ च्या नियमांनी मात्र हरणासाठी किमान अट घातली : गोळी ५५ ग्रेनपेक्षा हलकी नको आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा १,७०० फूट-पौंडांपेक्षा कमी नको. हिशेब मांडला तर ५५ ग्रेनच्या गोळीला यासाठी सेकंदाला सुमारे ३,७३० फूट वेग लागतो. .२२-२५० साठी तो अगदी काठावरचा आहे. अट जनावराला तडफडत ठेवू नये म्हणून, आणि ती योग्यच होती. पण एका हाताने मोठी रायफल काढून घेऊन दुसऱ्या हाताने ही रेघ आखल्यामुळे शिकारी नेमका त्या जागी आला, जिथे दाब वाढवण्याचा मोह होतो. मोठ्या कॅलिबरची वाट पुढे हळूहळू मोकळी झाली. आज .३०८ पर्यंतच्या साध्या बोल्ट रायफली सामान्य परवान्याच्या कक्षेत आहेत. .२४३ किंवा .३०८ ची बाजारातली साधी काडतुसे १,७०० ची अट सहज ओलांडतात, .२२३ ओलांडत नाही.

केरीत शिकार करायची तर हरीण ओळखता आले पाहिजे. ट्रलीपासून तासाभरापेक्षाही जवळ असलेल्या किलार्नीच्या रानात आयर्लंडमधील सर्वांत जुना लाल हरणांचा कळप आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार ही हरणे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी आणलेल्या हरणांची वंशज आहेत. १९७० च्या सुमारास ती शंभराच्या आसपास उरली होती. केरीत लाल हरणांना खुला हंगामच नाही, नराला नाही आणि मादीलाही नाही. शिकार होते ती सिका हरणांची; १८६५ मध्ये विकलो काउंटीतील पॉवर्सकोर्टहून किलार्नीजवळच्या मक्रॉस इस्टेटीवर आणलेला हा जपानी वंश आता केरीभर पसरला आहे. २०२३ च्या बदलानंतर नराचा हंगाम १ ऑगस्ट ते ३० एप्रिल असा आहे, मादीचा १ नोव्हेंबरला सुरू होतो. त्यासाठी रायफलीच्या तीन वर्षांच्या परवान्याशिवाय राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव सेवेचा हरीण-परवाना आणि जमीनमालकाची संमती लागते.

घरी भरणी नसली तरी तिची शिस्त ट्रलीत जशीच्या तशी उपयोगी पडते. एकाच वजनाच्या गोळीची दोन-तीन कंपन्यांची काडतुसे घेऊन अधिकृत रेंजवर शंभर यार्डांवर टेकू देऊन झाडून पाहतात. ज्यांचे बार सातत्याने एकत्र बसतात तीच निवडतात आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक पाहून हंगामाला पुरतील तेवढी त्याच लॉटची घेतात. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील हा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो, म्हणून चाचणीसाठी लागणारी काडतुसे आधीच हिशेबात धरावी लागतात. लॉट बदलला की नेम पुन्हा पडताळायचा. सिका आकाराने लहान पण जिवट आहे. फुप्फुस-हृदयाची जागा जेमतेम वीतभर, त्यामुळे जास्त वेगापेक्षा सारखेपणा मोलाचा.

अटलांटिकचा पाऊस ही इथली खरी परीक्षा. ट्रलीजवळच्या स्लीव्ह मिश डोंगरांच्या उतारावर रायफलीच्या तोंडात पाणी शिरते. पाणी शिरलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुगू शकते, म्हणून शिकारी तोंडावर पातळ चिकटपट्टी लावतात आणि गोळी तिच्यातून विनासायास जाते. काडतूस किंवा चेंबर ओले अथवा तेलकट असेल, तर कवच भिंतीला धरत नाही आणि सारा धक्का बोल्टवर येतो. कारखान्याचे उत्तम काडतूसही इथे धोक्याचे ठरू शकते. खिशात सुटी काडतुसे न ठेवता डबीत ठेवणे आणि चेंबर कोरडा पुसणे, या दोन सवयी केरीच्या शिकाऱ्याला कोष्टकाइतक्याच आवश्यक आहेत.

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला या छंदाची ओढ वाटली, तर अवजारे, टोप्या किंवा दारू मागवण्याआधी त्याने आपल्या विभागाच्या गार्डा ठाण्यात लेखी विचारणा करावी. लेखी परवानगी हातात येईपर्यंत नोंदणीकृत विक्रेत्याकडची काडतुसेच वापरावीत.