बडोद्याची एक साक्ष आणि तिचा स्वामित्वहक्क

बडोद्यातील आम्हा जुन्या मराठी कुटुंबांत श्रीमंत सयाजीराव महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संबंधांची गोष्ट शिष्यवृत्तीपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. १९१३ साली दरबाराने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी महाराजांनाच कृतज्ञतेने अर्पण केला.

ही अभिमानाची बाजू झाली. १९१७ साली ते चाकरीवर रुजू झाले तेव्हा मात्र या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नावाने काढलेले दिवस अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन्ही स्नेह्यांनी सबबी सांगितल्या. अखेर कमाटीबागेत काही तास काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली.

पुढे हेच गृहस्थ बॅरिस्टर झाले, १९२८ पासून मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात शिकवू लागले, १९३५ साली तेथील प्राचार्य झाले आणि १९४७ साली स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री. महाराष्ट्र शासनाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात पुराव्याचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, मुदतीचा कायदा यांवरील त्यांची टिपणे आहेत. त्याच खंडात बडोद्याची ही हकीकत सांगणारे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ही आहे. पुराव्याचा कायदा जाणणाऱ्या माणसाची ही स्वतःची साक्ष असल्याने तिचे मोल आम्हांस अधिक वाटते.

या साक्षीवर हक्क कोणाचा? लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे १९३६ सालचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ २०१६ अखेर सर्वांचे झाले. परंतु निधनोत्तर प्रथम छापलेल्या लेखनाची मुदत, १९५७ च्या कायद्याच्या २४ व्या कलमान्वये, त्या प्रकाशनापासून मोजली जाते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुस्तिकारूपाने निघाले १९९० साली. या हिशेबाने त्याचा हक्क २०५० अखेरपर्यंत चालेल.

तोवर ते आम्हांस मनमानी छापता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु अभ्यास व समीक्षेसाठी वाजवी अवतरणांची मोकळीक कायद्यानेच दिली आहे. तेव्हा आपल्या घरांतून शिष्यवृत्तीची गोष्ट सांगताना बंद दारांचीही सांगण्यास २०५० ची वाट पाहण्याचे कारण नाही. ती दारे ज्या शहराची होती, त्याच शहराचे आपण रहिवासी आहोत.